किती तोडावे आणि कोणी ठरवावे?
परदेशातील वनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी

तथागतांच्या जीवनातील तिन्ही महान घटना वृक्षांच्या छायेत घडल्या. लुंबिनीच्या वनात शालवृक्षाखाली जन्म, उरुवेला येथे पिंपळाखाली संबोधी आणि कुशीनारा येथे दोन शालवृक्षांमध्ये महापरिनिर्वाण. पुढे सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेला वड लावले, औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे त्या नेऊन रुजवल्या आणि वने विनाकारण जाळू नयेत, अशी आज्ञा स्तंभांवर कोरविली. वृक्षाविषयीचा आदर आपल्या परंपरेत असा मुळापासून आहे. परंतु आदर वेगळा आणि अभ्यास वेगळा. पिंपळाला वंदन करणारा विद्यार्थी त्याच्या खोडाचा घेर मोजून हे झाड वर्षाला किती वाढते, असा प्रश्न क्वचितच विचारतो. हा प्रश्न विचारणारे शास्त्र म्हणजे वनशास्त्र. त्याचे उच्च शिक्षण परदेशात कसे घेता येते आणि आपल्या समाजातील मुलामुलींनी ते का घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना पुढे काय होणार असे विचारले, तर उत्तरे ठरलेली असतात. डॉक्टर, अभियंता, शिक्षक किंवा स्पर्धा परीक्षा. वनशास्त्र हे उत्तर सहसा येत नाही. याचे कारण मुलांच्या बुद्धीत नसून आपल्या अनुभवात आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जंगल माहीत आहे ते आईच्या डोक्यावरील मोळीमुळे, उन्हाळ्यातील तेंदूपानांच्या हंगामामुळे आणि वाटेत अडविणाऱ्या वनरक्षकामुळे. जंगल ही मेहनतीची आणि भीतीची जागा आहे, एवढेच आपण पाहिले. तेथे शास्त्र आहे आणि त्या शास्त्राच्या आधारे निर्णय घेणारी एक खुर्ची आहे, हे आपल्याला कोणी सांगितले नाही.

शास्त्राचा जन्म

वनशास्त्राचा उगम पाहावयाचा असेल, तर जर्मनीच्या पूर्वेकडील सॅक्सनी प्रांतात जावे लागते. अठराव्या शतकाच्या प्रारंभी तेथील फ्रायबेर्ग परिसरात चांदीच्या खाणी जोरात चालत होत्या. खाणींना आधार देण्यासाठी आणि धातू वितळविण्याच्या भट्ट्यांसाठी लाकूड अखंड लागे. आसपासची वने झपाट्याने कमी होऊ लागली. या खाणींचा कारभार पाहणारे हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. वन जितके वाढते तितकेच तोडावे, म्हणजे पुढील पिढीलाही लाकूड मिळत राहील, हा त्यातील गाभ्याचा विचार होता. आज ‘शाश्वत विकास’ हा शब्द सर्वत्र ऐकू येतो. त्या कल्पनेचे एक महत्त्वाचे मूळ या ग्रंथात आहे. तिची प्रेरणा निसर्गप्रेमाची नव्हती, लाकडाच्या टंचाईची होती, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे.

फ्रायबेर्गपासून जवळच, ड्रेस्डेन शहराच्या नैर्ऋत्येस थारांड्ट नावाचे छोटे गाव आहे. हाइन्रिश कोट्टा या वनशास्त्रज्ञाने १८११ साली आपली वनशाळा येथे आणली. १८१६ साली ती राजाश्रयाखालील अकादमी झाली. कोट्टा यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त लावलेल्या ऐंशी ओकवृक्षांच्या सान्निध्यात त्यांची समाधी आहे. आज ही संस्था ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठाचा भाग आहे. उष्णकटिबंधीय वनशास्त्राचा दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय पदव्युत्तर अभ्यासक्रम येथे इंग्रजी माध्यमातून चालतो. आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील विद्यार्थी तेथे एका वर्गात बसतात. या लेखात मुख्य उदाहरण म्हणून हाच अभ्यासक्रम घेतला आहे.

शास्त्र भारतात आले, पण कसे?

हे शास्त्र आपल्या देशातही जर्मनीतूनच आले. बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिश ब्रँडिस १८५६ साली ब्रह्मदेशातील सागवनांचे अधीक्षक झाले आणि १८६४ साली भारताचे पहिले वनमहानिरीक्षक. त्यांच्यानंतर या पदावर आलेले श्लिश आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच होते. ब्रह्मदेशात ब्रँडिस हत्तीवर बसून रानातून फिरत आणि दिसलेल्या सागाच्या झाडांची नोंद बांबूच्या काठ्यांवर चाकूने खाचा पाडून करीत. झाडाच्या जाडीनुसार काठी वेगळी असे. आज उपग्रहांच्या छायाचित्रांवरून जे काम होते, त्याचे हे प्राथमिक रूप होय. आधी मोजणी, मग तोड, हा नियम त्यांनी येथे आणला. १८७८ साली डेहराडून येथे वनशाळा सुरू झाली आणि भारतातील वनशिक्षणाचा पाया घातला गेला.

परंतु त्याच १८७८ सालच्या वन कायद्याने विस्तीर्ण रानांवर सरकारची मालकी पक्की केली. राखीव वनांत गुरे चारणे, लाकूड आणणे, पाने गोळा करणे या गोष्टी हक्क न राहता सवलती झाल्या, आणि सवलत कोणत्याही दिवशी काढून घेता येते. गावांसाठी स्वतंत्र ग्रामवने असावीत, असे स्वतः ब्रँडिस यांचे मत होते, परंतु प्रत्यक्षात सरकारी ताब्याचे धोरण वरचढ ठरले. त्याची झळ कोणाला लागली, हे महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये स्पष्टपणे नोंदविले आहे. डोंगर, दऱ्या आणि पडीक जमिनी वनखात्याने घेरल्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या जनावरांना चरावयास जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार होती. परदेशातून आलेल्या एका शास्त्राच्या सामाजिक परिणामांची ही आपल्या भाषेतील अगदी प्रारंभीची चिकित्सा आहे.

म्हणजे ‘किती तोडावे?’ या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने दिले, पण ‘कोणी ठरवावे?’ हा प्रश्न कायद्याने आणि सत्तेने परस्पर सोडविला. या दुसऱ्या प्रश्नाला हात लागला तो फार उशिरा, २००६ सालच्या वनहक्क कायद्याने. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे ग्रामसभेने आपल्या जंगलातील बांबूची विक्री स्वतः केली. हक्क मिळाल्यावर मात्र पहिला प्रश्न पुन्हा समोर येतो. यंदा किती बांबू तोडावा, म्हणजे पुढच्या वर्षी तो टिकेल? हक्काला हिशेबाची जोड नसेल, तर हक्क टिकत नाही, आणि हिशेबाला हक्काची जोड नसेल, तर तो अन्यायाचे साधन होतो. दोन्ही जाणणारी माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनी या अभ्यासाकडे वळावे, असे म्हणण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

चुकीतून शिकणे

परदेशातील ज्ञान म्हणजे अंतिम ज्ञान, असा समज घेऊन कोणी जाऊ नये. जर्मनीचा सुमारे एक तृतीयांश भूभाग वनाखाली आहे. यातील मोठे क्षेत्र मागील दोन शतकांत स्प्रूस या सरळ व लवकर वाढणाऱ्या सूचिपर्णी वृक्षाने व्यापले. जेथे मुळात बीच आणि ओक यांची मिश्र वने होती, तेथेही एकाच जातीच्या, एकाच वयाच्या स्प्रूसच्या रांगा उभ्या राहिल्या. हिशेबाच्या दृष्टीने हे सोयीचे होते. लाकूड सारखे, मोजणी सोपी आणि उत्पन्न निश्चित. पण २०१८ पासून सलग दुष्काळी वर्षे आली. पाण्याअभावी दुर्बल झालेल्या झाडांवर सालीखाली राहून पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी हल्ला केला आणि तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात देशातील सुमारे पाच लाख हेक्टर वन उद्ध्वस्त झाले. एकच जात असल्यामुळे कीड एका झाडावरून दुसऱ्यावर विनाअडथळा पसरत गेली.

ज्या भूमीत हे शास्त्र जन्मले, तेथेच आता त्याची फेरतपासणी चालू आहे. एकजातीय लागवडीकडून मिश्र वनांकडे जाण्याचे प्रयत्न अनेक ठिकाणी सुरू आहेत. आपल्या विद्यार्थ्याला तेथे केवळ यशस्वी पद्धती पाहावयास मिळत नाहीत, तर एक समाज आपली चूक कशी मोजतो, मान्य करतो आणि सुधारतो, हेही दिसते. कोणतीही गोष्ट केवळ परंपरेने किंवा गुरूच्या अधिकाराने न स्वीकारता तपासून पाहावी, ही भगवान बुद्धांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. वनशास्त्राच्या वर्गात ती प्रत्यक्ष उपयोगी पडते.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

युरोपातील दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम साधारणतः १२० श्रेयांकांचा असतो. एका सत्रात ३० श्रेयांक, आणि एक श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तासांचे काम. या तासांत वर्गातील व्याख्यानांबरोबर वाचन, क्षेत्रभेट, अहवाललेखन आणि परीक्षेची तयारीही मोजली जाते. त्यामुळे वेळापत्रक रिकामे दिसते, पण काम रिकामे नसते. आपल्याकडील घंटेनुसार चालणाऱ्या दिवसाची सवय असलेल्या विद्यार्थ्याने हा फरक आधीच ओळखावा. गुणपद्धतीही उलटी आहे. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी, ४.० ही उत्तीर्णतेची सीमा आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण.

विषयांमध्ये वनसंवर्धन, वनमापन, मृदाशास्त्र, जैवविविधता, कृषिवानिकी, वन अर्थशास्त्र, वनधोरण आणि उपग्रहचित्रांच्या साहाय्याने केलेले सर्वेक्षण यांचा समावेश असतो. चौथे सत्र प्रामुख्याने प्रबंधासाठी असते आणि त्याची माहिती अनेक विद्यार्थी आपापल्या देशात जाऊन गोळा करतात.

हे शास्त्र प्रत्यक्षात कसे काम करते, याचे एक छोटे उदाहरण आपल्या शाळेच्या आवारातही करून पाहता येईल. झाडाची जाडी जमिनीलगत मोजत नाहीत, कारण तेथे खोड पसरट असते. ती छातीच्या उंचीवर मोजतात. युरोपात ही उंची १.३० मीटर, तर भारतात १.३७ मीटर धरली जाते. समजा, फितीने मोजलेला घेर ९४.२ सेंटिमीटर आला. त्याला ३.१४ ने भागले की व्यास ३० सेंटिमीटर मिळतो. या ठिकाणी खोड आडवे कापले, तर त्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस मीटर भरेल.

आता संपूर्ण जंगलातील प्रत्येक झाड मोजणे शक्य नसते. म्हणून जंगलात ठरावीक अंतरावर वर्तुळे आखतात. १२.६२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ५०० चौरस मीटर, म्हणजे एका हेक्टरचा विसावा भाग होतो. अशा एका वर्तुळात १८ झाडे सापडली, तर हेक्टरी ३६० झाडांचा अंदाज येतो. ती सर्व वरील जाडीची असतील, तर छेदांचे एकूण क्षेत्रफळ हेक्टरी सुमारे २५ चौरस मीटर होईल. मात्र एका वर्तुळावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. वर्तुळे पुरेशी हवीत आणि ती आपल्या सोयीने, रस्त्यालगत निवडलेली नसावीत. काही वर्षांनी त्याच वर्तुळांत पुन्हा मोजणी केली की जंगलाची वाढ कळते आणि तेव्हाच किती तोडावे, हे सांगता येते.

यात नववी-दहावीच्या गणितापलीकडे काही नाही. वन खाते, ठेकेदार आणि गाव यांच्या बैठकीत मात्र ज्याच्या हातात ही आकडेमोड असते, त्याच्या शब्दाला वजन असते. गावाकडे स्वतःची मोजणी असेल, तर गाव केवळ तक्रार करीत नाही, ते आपले म्हणणे सिद्ध करू शकते.

एकाच विद्यापीठात दोन वर्षे राहण्याऐवजी दोन देशांत शिकण्याचीही सोय आहे. युरोपीय संघाने २००४ पासून ‘इरॅस्मस मुंडुस’ या योजनेखाली संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केले. उष्णकटिबंधीय वनशास्त्राच्या अशा एका अभ्यासक्रमात कोपनहेगन, बँगोर, ड्रेस्डेन, पादुआ आणि मोंपेलिए येथील संस्था एकत्र आल्या होत्या. विद्यार्थ्याने पहिले वर्ष एका देशात आणि दुसरे वर्ष दुसऱ्या देशात काढावयाचे, अशी या पद्धतीची रचना असते. कोणते संयुक्त अभ्यासक्रम त्या त्या वर्षी चालू आहेत, त्याची सूची युरोपीय आयोग प्रसिद्ध करतो. याखेरीज जर्मनीत ग्योटिंगन आणि फ्रायबुर्ग, नेदरलँड्समध्ये वागेनिंगन, फिनलंडमध्ये योएन्सू ही वनशास्त्राची नामवंत केंद्रे आहेत.

पात्रता व पूर्वतयारी

या अभ्यासाचा पाया महाराष्ट्रातच घालता येतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वनशास्त्राचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. बारावी विज्ञान शाखेनंतर तेथे प्रवेश घेता येतो. कृषी, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र या विषयांच्या पदवीधरांनाही काही विद्यापीठे प्रवेश देतात. मात्र तीन वर्षांच्या पदवीबाबत प्रत्येक विद्यापीठाचा नियम निराळा असल्यामुळे अर्जापूर्वी तो वाचणे आवश्यक आहे.

अर्जासोबत गुणपत्रके, इंग्रजी भाषेच्या मान्यताप्राप्त परीक्षेचा निकाल, दोन शिफारसपत्रे आणि उद्देशपत्र लागते. जर्मनीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना आपल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या तपासणीचे ‘एपीएस’ प्रमाणपत्रही घ्यावे लागते. या सर्वांत उद्देशपत्राकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. ‘मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे’ हे वाक्य शेकडो अर्जांत असते. त्याऐवजी आपल्या तालुक्यातील तेंदूच्या हंगामात काय घडते, गावाजवळील रोपवन का जगले नाही, आई दिवसाकाठी किती अंतर चालून सरपण आणते, हे जो नेमकेपणाने लिहील, त्याचे पत्र वाचणाऱ्याच्या लक्षात राहील. ज्या अनुभवाची आपल्याला लाज वाटत आली, तोच येथे आपली पात्रता ठरतो.

वेळेचे गणितही महत्त्वाचे आहे. जर्मनीतील शैक्षणिक वर्ष बहुधा ऑक्टोबरमध्ये सुरू होते. संयुक्त अभ्यासक्रमांचे अर्ज त्याच्या आधीच्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत भरावे लागतात. पारपत्र, भाषेची परीक्षा आणि प्रमाणपत्रे यांना लागणारे महिने धरले, तर प्रवेशाच्या किमान दीड वर्ष आधी तयारीस लागावे.

खर्च आणि शिष्यवृत्ती

पालकांच्या मनात पहिला प्रश्न पैशांचा येतो आणि तो योग्यच आहे. जर्मनीतील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, केवळ सत्राचे किरकोळ शुल्क भरावे लागते. फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहे, त्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्रास १५०० युरो घेतले जातात. खरा भार राहण्या-जेवण्याचा असतो. व्हिसासाठी एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम बँकेतील विशेष खात्यात दाखवावी लागते. २०२४ च्या नियमानुसार ती ११,९०४ युरो, म्हणजे अकरा-बारा लाख रुपयांच्या घरात आहे. शिक्षण घेत असताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा असते, परंतु त्या कमाईच्या भरवशावर कर्ज काढून निघणे शहाणपणाचे नाही.

म्हणूनच शिष्यवृत्ती हा या मार्गाचा कणा होय. तिचे चार प्रमुख स्रोत सांगता येतील.

पहिला, महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून सामाजिक न्याय विभागामार्फत दिली जाते.

दुसरा, केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती. हिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. पदवीला किमान ६० टक्के गुण, ३५ वर्षांची वयोमर्यादा आणि आठ लाखांपर्यंतचे कौटुंबिक वार्षिक उत्पन्न, या तिच्या मुख्य अटी होत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती लागू झाल्या. परंतु त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला लागतो. तो आधीच काढून ठेवावा, ऐनवेळी तहसील कार्यालयात धावपळ करू नये.

तिसरा, इरॅस्मस मुंडुसची शिष्यवृत्ती. २०२१ नंतरच्या नियमांनुसार निवड झालेल्या विद्यार्थ्याला दरमहा १४०० युरो मिळतात आणि अभ्यासक्रमाचे शुल्क भरावे लागत नाही.

चौथा, ‘डाड’ या नावाने ओळखली जाणारी जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा. विकसनशील देशांतील पदवीधरांसाठीच्या तिच्या योजनेत किमान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव अपेक्षित असतो. पदवीनंतर एखाद्या ग्रामसभेबरोबर, संस्थेत किंवा वन विभागाच्या प्रकल्पात केलेले काम अशा वेळी वाया जात नाही.

येथे एक अडचण मोकळेपणाने सांगितली पाहिजे. शासकीय शिष्यवृत्त्या विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीशी जोडलेल्या आहेत. केंद्राच्या योजनेत पहिल्या ५०० विद्यापीठांची मर्यादा आहे. ही क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची असते, वनशास्त्र विभागाची नव्हे. वनशास्त्रात उत्तम असलेली, पण आकाराने लहान किंवा एकाच क्षेत्राला वाहिलेली विद्यापीठे त्यामुळे यादीबाहेर राहू शकतात. म्हणून अर्ज करताना शिष्यवृत्तीची यादी आणि विद्यापीठांची यादी शेजारी ठेवूनच निवड करावी. प्रवेश मिळाला पण शिष्यवृत्ती नाकारली गेली, असे दुःख त्यामुळे टळेल.

वसतिगृहाची शिदोरी

परदेशी जाणाऱ्या मुलांना एकटेपणाचा त्रास होतो. थारांड्टसारख्या गावात डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, भाषा अनोळखी असते आणि ताटात वरणभात स्वतः शिजविल्याशिवाय येत नाही. पण निवासी शाळेत वाढलेल्या विद्यार्थ्याला घर सोडणे नवीन नसते. ज्याने वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहाची पायरी चढली, पहिल्या आठवड्यात पांघरुणात तोंड लपवून रडून घेतले आणि नंतर आपले कपडे, आपला अभ्यास व आपला वेळ स्वतः सांभाळला, त्याने परदेशवासाचा पहिला धडा आधीच गिरविलेला आहे. वेगळ्या जिल्ह्यांतील, वेगळ्या बोलींच्या मुलांबरोबर एका पंगतीत जेवणे आणि एका दिव्याखाली वाचणे हेही एक शिक्षणच आहे. सकाळची आनापानसती ज्याने मनापासून केली, त्याला त्या लांब हिवाळी रात्री ती उपयोगी पडेल.

मुलींच्या पालकांना वेगळी विनंती करावीशी वाटते. वनशास्त्र म्हणजे रानात फिरणे आणि रानात फिरणे म्हणजे पुरुषांचे काम, ही समजूत सोडून द्यावी. सरपण, मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करण्यासाठी आपल्या आया-आजी पिढ्यान्‌पिढ्या रानात गेल्या, तेव्हा ते काम त्यांना कोणी वर्ज्य ठरविले नव्हते. मग त्याच रानाचा अभ्यास आणि त्याविषयीचा निर्णय त्यांच्या मुलींना वर्ज्य का असावा?

परत येताना काय आणावे?

बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. पुढे लंडन येथे त्यांनी डी.एस्सी. साठी लिहिलेला प्रबंध भारताच्या रुपयाच्या प्रश्नावर होता. शिक्षण परदेशात घेतले, साधने परदेशातील ग्रंथालयांची वापरली, पण प्रश्न आपल्या देशाचा निवडला. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने यातून दिशा घ्यावी. चौथ्या सत्रातील प्रबंधाचा विषय ठरविताना आपला तालुका आठवावा. सामूहिक हक्क मिळालेल्या एखाद्या गावात बांबूची वाढ किती आहे? तेंदूपानांसाठी लावल्या जाणाऱ्या आगींचा रोपांवर काय परिणाम होतो? गायरानावर कोणती मिश्र लागवड केली, तर चारा आणि सरपण दोन्ही मिळेल? हे प्रश्न तेथील प्राध्यापकांना सुचणार नाहीत, कारण ते त्यांच्या वाट्याला आलेले नाहीत. ते आपणच घेऊन जावयाचे आहेत.

एक गोष्ट स्पष्ट असावी. परदेशी पदवी म्हणजे सरकारी नोकरीचे हमीपत्र नव्हे. भारतीय वनसेवेसाठी संघ लोकसेवा आयोगाची आणि राज्यातील वनक्षेत्रपाल व सहायक वनसंरक्षक या पदांसाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावीच लागते. संशोधन संस्था, विद्यापीठे, ग्रामसभांबरोबर काम करणाऱ्या संघटना आणि आंतरराष्ट्रीय प्रकल्प हे अन्य मार्ग आहेत. कर्ज काढून मुलाला पाठविणाऱ्या कुटुंबाशी याविषयी जाण्याआधीच प्रामाणिक बोलणे झाले पाहिजे.

पण ज्या खुर्चीचा उल्लेख आरंभी केला, तिच्याकडे जाणारी वाट आता बंद राहिलेली नाही. मोळी घेऊन येणाऱ्या बाईला अडवावयाचे की जाऊ द्यावयाचे, कोणती टेकडी राखावयाची आणि कोणत्या टेकडीवर गावाने गुरे न्यावयाची, हे निर्णय कोणीतरी घेणारच आहे. तो निर्णय घेणाऱ्याला झाडाचा घेर मोजता यावा आणि मोळीचे वजनही माहीत असावे. पहिली गोष्ट थारांड्टमध्ये शिकता येते. दुसरी आपल्या घरी शिकविली गेली आहे. दोन्ही जाणणारा एक तरी माजी विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी आपल्या शाळेच्या पुढील स्मरणिकेत स्वतःच्या अनुभवाचा लेख लिहील, एवढी अपेक्षा व्यक्त करून येथे थांबतो.